माउली रडली की हिवाळा सरतो

ओर्ता, फायाल बेट
३० जानेवारी १९४७

विहीणबाई एर्मिनिया,

हे पत्र ज्या आगबोटीने कोर्वोला पोचतंय, तीच आगबोट उलटपावली ओर्ताला येणार आहे. तिच्यात माझ्या नातेर्सियाला बसवा. सांगायचं ते एवढंच. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. पण तुम्ही वाचाल, मला ठाऊक आहे.

इथे पाऊस नुसता लागून राहिलाय. थंडी म्हणावी तर ती नाही. शाल पांघरली की घाम फुटतो, काढली की अंगावर काटा. कपाटातल्या बुटांवर बुरशी आलीय, मिठाचं पाणी झालंय. जरा ऊन पडलं म्हणून धुणं वाळत घालावं, तर शेवटचा चिमटा लावून होत नाही तोवर पुन्हा सर येते. घरात बसवत नाही आणि बाहेर जाववत नाही. भरतकाम हातात घेते आणि चार टाके घातले की खिडकीशी जाते. लेक एकदा डोळ्यांसमोर आली म्हणजे हे थांबेल असं वाटतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही तिला आठव्यात पाठवलंत, आगबोट वादळात सापडली आणि वाटेतच पोर मेलेली जन्मली. तुम्हाला बोल लावत नाही. म्हणजे लावते, पण आज नाही. इथल्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की पुढचं बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं आणि तिने वेळेआधी येऊन इथेच राहायला हवं. मार्चमधल्या संत योसेफाच्या सणाच्या आसपासचे दिवस आहेत म्हणता, म्हणजे आत्ताच निघायला हवं. तुमच्या बेटावर डॉक्टर नाही, गेल्या शरदात म्हातारे पाद्रीबाबा वारले तेव्हापासून पाद्रीही नाही. असतात त्या गाई, मेंढ्या आणि वारा.

मी सगळी तयारी केलीय. रस्त्याकडची खोली तिला दिलीय, गादी दोनदा शेकवून घेतलीय. गेल्या वर्षीचं बाप्तिस्म्याचं झबलं कापूर घालून पेटीत ठेवलं होतं, ते काढून पाहिलं, एक डाग नाही. इथल्या पाद्रीबाबांनाही सांगून ठेवलंय.

आणि तिला म्हणावं, तुझे हात झिजले का? वर्षभरात आईला एक ओळ नाही. तुमच्या पत्राखाली ‘नातेर्सिया आठवण काढते’ असं असतं, पण अक्षर तुमचं. त्यात तिची आठवण किती आणि तुमच्या पदरची किती, देव जाणे.

साखर आणि कॉफी पाठवलीय. व्याही लावरियानोभाऊंना नमस्कार, जावईबापू बेल्मिरोंना आशीर्वाद.

लिओनिल्द

*

कोर्वो
३ फेब्रुवारी १९४७

विहीणबाई लिओनिल्द,

आगबोट बाहेर उभी राहून शिट्ट्या मारतेय, बेल्मिरो आणि गावची पोरं होड्या घेऊन तिच्याकडे गेलीत, आणि मी चुलीपाशी मांडीवर फळी घेऊन लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर शिव्या त्या कप्तानाला द्या, त्याला कधी धीर नसतो.

नातेर्सिया या खेपेला येत नाही. समुद्राचं लक्षण बरं नव्हतं. आमच्या धक्क्यावरून अवघडलेल्या बाईला होडीत उतरवायचं, होडीतून आगबोटीच्या शिडीवर चढवायचं, हे काय असतं ते तुम्हाला इथे बसून कसं सांगू? तुम्ही तर जन्मात होडीत पाय ठेवला नाहीत. समोरचं पिको बेटसुद्धा खिडकीतूनच पाहिलंत.

पण घाबरू नका. पुढची आगबोट मार्चच्या सुरुवातीला येईल, तोवर समुद्र तेलासारखा होतो की नाही बघा. काल मेणबत्त्यांच्या माउलीचा सण झाला, आणि माउली दिवसभर रडली. मिरवणुकीत एक मेणबत्ती पेटती राहिली नाही. सगळे चिंब भिजले आणि सगळे खूश. तुम्ही शहरातली माणसं विसरला असाल म्हणून लिहिते: माउली हसली की हिवाळा अजून यायचाय, माउली रडली की हिवाळा सरला. लावरियानो आज पहाटेच मेंढरं घेऊन वर डोंगराच्या कढईत, जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात, गेलाय. शेजारच्यांनी बटाट्याची जमीन उकरायला घेतलीय. माझेही हात शिवशिवतायत.

तुमची लेक खातेपिते बरी. मक्याची भाकरी नको म्हणते, पण समुद्रशेवाळाच्या वड्या कितीही घाला, संपवते. सुईण आगेदाबाई दर आठवड्याला येऊन पोटाला हात लावून जाते आणि बोलत काही नाही. ती बोलली नाही म्हणजे सगळं ठीक असतं.

साखर पोचली. तुमच्या ओर्ताच्या वाण्याने तराजूवर अंगठा ठेवलाय.

नातेर्सिया आठवण काढते. हो, माझ्याच अक्षरात. तिच्या हाताला पीठ लागलंय.

एर्मिनिया

*

ओर्ता
६ फेब्रुवारी १९४७

एर्मिनियाबाई,

काल मी धक्क्यावर पावसात उभी होते. गादीसारखीच एक घोंगडीही शेकवून नेली होती, तिच्या पायांवर घालायला. आगबोटीतून एकेक माणूस उतरलं. शेवटचं माणूस उतरलं. मग तुमचं पत्र उतरलं.

समुद्राचं लक्षण बरं नव्हतं काय? आगबोटीवरचा वाढपी आमच्याच गल्लीतला आहे. तो म्हणाला, सोमवारी कोर्वोला असं शांत पाणी होतं की तिथून दोन गाई होडीत घालून आगबोटीवर चढवल्या आणि एकीचं शेपूटसुद्धा ओलं झालं नाही. गाय चढते आणि माझी लेक चढत नाही?

आणि माउली रडली म्हणे! विहीणबाई, या बेटांवर फेब्रुवारीत माउली हसलीय कधी? इथे दर सणाला ती रडते आणि दर वर्षी मार्चमध्ये कौलं उडतात. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळपासून नैऋत्येचा वारा सुटलाय. शेजारीण म्हणाली, ‘असल्या उबदार वाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं.’ रात्रभर मला झोप नाही.

तुमचं खरं कारण मला कळत नाही असं समजू नका. तुम्हाला नातू कोर्वोतच जन्मायला हवाय. तुमच्या बेटावर जन्मून तिथेच मरणारी माणसं कमी होत चाललीत, त्याची भरती माझ्या लेकीच्या जिवावर करायचीय. नाहीतर बटाटे लावायला हात कमी पडत असतील. जावई बिचारा आईला विचारल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाही, तो काय बोलणार! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं तुमचं. सून पाठवायची नाही आणि समुद्र वाकडा.

खरं काय ते लिहा. हे पत्र फ्लोरेस बेटावर जाणाऱ्या एका शिडाच्या होडीबरोबर धाडतेय, तिथून तुमच्याकडची कोणीतरी होडी आणेलच. उत्तरही तसंच पाठवा. आलं नाही तर मी स्वतः येईन. हसा. पण येईन.

लिओनिल्द

*

कोर्वो
२० फेब्रुवारी १९४७

लिओनिल्दबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा संतापले. बेल्मिरोच्या दाढीचं वाचून लावरियानो इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, आता बस झालं. ही बाई रोज खिडकीशी उभी राहणार आणि मी तिला पाऊसपाण्याच्या कथा सांगत राहणार, हे काही खरं नाही. काल राखेचा बुधवार झाला. कपाळाला राख लावायलाही इथे पाद्री नाही, मी चुलीतलीच लावली. म्हणून उपासकाळाच्या पहिल्या पत्रात खरं लिहिते.

समुद्र शांत होता. गाईंचं खरं आहे. नातेर्सियाचं गाठोडं बांधलेलं होतं, बेल्मिरोने ते होडीत ठेवलंही होतं. ती धक्क्यापर्यंत चालत आली. आगबोटीने शिटी मारली तशी ती जिथे होती तिथे ओल्या दगडांवर बसली आणि उठेना. बेल्मिरोने उचलायचा प्रयत्न केला, तर किंचाळली नाही, काही नाही, नुसती त्याच्या मनगटाला चावली. अजून वळ आहे. मीच तिला घरी आणलं. मग घाईघाईत तुम्हाला ते समुद्राचं लिहिलं.

आता दुसरी गोष्ट. ही मला लिहायची नव्हती. सहा महिने पोटात ठेवली.

गेल्या वर्षीची पोर मेलेली जन्मली नव्हती.

उन्हाळ्यात आम्ही दोघी मक्याची कणसं सोलत होतो. इकडचं तिकडचं चाललं होतं आणि ती एकदम म्हणाली, ‘ती रडली होती.’ मी म्हटलं, ‘कोण?’ म्हणाली, ‘माझी पोर. जन्मली तेव्हा रडली होती. बराच वेळ जिवंत होती.’ मग सगळं सांगितलं. आगबोटीच्या पोटात, पिंपांच्या मागे, फ्लोरेसची एक म्हातारी तिच्याजवळ होती. म्हातारीने पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘बाई गं, हिचं काही खरं नाही, आत्ताच डोक्यावर पाणी घाल, नाव ठेव.’ वेळ पडली तर कुणीही पाणी घालावं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नातेर्सिया म्हणाली, नको. ‘आईने बजावलंय. तिथे कुणाला पाणी घालू देऊ नकोस, ओर्ताला पाद्री ठरलेत, झबलं भरून ठेवलंय, सगळं थाटात करू.’ म्हातारी आर्जवं करत राहिली आणि ही नको म्हणत राहिली. बंदर जवळ आलंय असं तिला वाटत होतं. ते जवळ नव्हतं. खलाशांनी पोर कापडात गुंडाळून समुद्रात सोडली. नाव नाही, पाणी नाही. जिचा बाप्तिस्मा झाला नाही तिला स्वर्गाच्या दाराबाहेर राहावं लागतं, असं आपल्याला शिकवलंय. नातेर्सिया रोज संध्याकाळी दाराबाहेर बघत बसते, त्याचं कारण हे.

ती तुम्हाला पत्र का लिहीत नाही ते कळलं ना? तुमच्यावर तिचा राग आहे. मी तिला म्हटलं, आईने प्रेमापोटीच सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, ‘म्हणूनच.’ मी आपली दर पत्रात तिच्या नावाने आठवण काढत राहिले. एकीच्या रागावर पांघरूण घालायचं आणि दुसरीच्या काळजीवर, आणि घोंगडी एकच. त्यात माझेच पाय उघडे पडले आणि तुम्ही त्यांवर काठी हाणलीत.

ती पुढच्या आगबोटीनेही येणार नाही. मी तिला बांधून घालणार नाही. आगेदाला मी आमच्याच घरात झोपायला बोलावलंय. हवा इतकी ऊबट आहे की दार उघडं टाकावं लागतं आणि उघडलं की पाऊस आत येतो. सगळं गाव चिडचिडं झालंय, कुत्रीसुद्धा. माउली रडल्याचं मला त्या दिवशी अर्धंमुर्धं खरं वाटलं होतं. आता तेही वाटत नाही.

एर्मिनिया

*

पोन्ता देल्गादा, फ्लोरेस बेट
६ मार्च १९४७

एर्मिनियाबाई,

पत्ता वाचलात ना? मी फ्लोरेसला आहे. आगबोटीत चढले. चढताना डोळे मिटले होते आणि वाढप्याचा हात असा धरला होता की त्याच्या बोटांना रग लागली. दोन दिवस ओकले. समुद्र इतका मोठा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या खिडकीतून तो एवढा दिसत नाही.

काल तुमच्या बेटासमोर आलो. मला घरांच्या चिमण्या दिसल्या, विहीणबाई. त्यातली एक तुमची असेल. पण लाटा धक्क्याच्या वरून जात होत्या, एकही होडी बाहेर पडू शकली नाही. कप्तानाने दोन शिट्ट्या मारल्या, आगबोट वळवली आणि कोर्वोचं टपाल, कोर्वोचं पीठ आणि मला इथे उतरवून तो गेला.

इज्मालिया नावाच्या एका विधवेने ठेवून घेतलंय. तिच्या अंगणातून कोर्वो समोर दिसतं. दिसतं, मग पाऊस येतो आणि नाहीसं होतं, मग पुन्हा दिसतं. मी दिवसभर अंगण आणि चूल, अंगण आणि चूल करतेय. इज्मालिया म्हणाली, ‘बाई, बसा हो, माझ्या जमिनीला चर पडेल.’

हे पत्र न्यायला होडी नाही. तरी लिहितेय. दुसरं काय करू?

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी झबलं पेटीतून काढलं आणि फाडायला गेले. फाटलं नाही. मीच इतकं पक्कं शिवलं होतं. ‘तिथे कुणाला पाणी घालू देऊ नकोस.’ हे वाक्य मी लिहिलं होतं, खाली दोनदा रेघ ओढली होती. तुमच्या त्या दगडी गावात माझ्या नातवंडाचं बारसं उरकून टाकतील, आणि शेजारणी विचारतील तेव्हा मला सांगायला काही उरणार नाही, अशी भीती होती मला. एवढीच. त्यापायी ती पोर तशीच गेली. आणि वर वर्षभर मी तुम्हाला बोल लावत होते.

नातेर्सियाला मी एकदा समोरासमोर सांगायला हवं. ती चावली तरी चालेल.

८ मार्च

वारा पश्चिमेला गेलाय. ऊबट तो ऊबटच. गावची माणसं भिंतीला टेकून समुद्राकडे बघत उभी असतात. मी जाऊन विचारते, ‘आज?’ ते म्हणतात, ‘उद्या.’ काल हेच म्हणाले, आज सकाळी हेच, दुपारी हेच. एक म्हातारा म्हणाला, ‘ताई, समुद्राला तुमची घाई कळत नाही.’ मी म्हटलं, ‘मग तुम्ही त्याला सांगा, तुम्ही इथले आहात.’

संध्याकाळी मी उतारावर ओढून ठेवलेल्या एका होडीत जाऊन बसले आणि उठणार नाही म्हटलं. आधी ते हसले. मग त्यांना कळलं की मी खरंच उठणार नाही. शेवटी इज्मालियाने येऊन हाताला धरून नेलं. माझी लेक त्या दगडांवर कशी बसली असेल ते मला तिथे बसल्यावर कळलं.

९ मार्च, रविवार

एर्मिनियाबाई, कोर्वोवर जाळ पेटलेत.

आज दिवेलागणीला पाऊस थोडा उघडला होता. इज्मालिया कोंबड्या कोंडत होती, ती ओरडली. मी बाहेर आले तर तुमच्या डोंगराच्या उतारावर उजेड दिसत होता. गाव गोळा झालं. मध्येच पावसाचा पडदा आला, काही दिसेना. तो सरला तेव्हा तीन जाळ होते, स्पष्ट, एकमेकांपासून लांब. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मला काही कळेना. मी विचारलं, टोप्या का काढता? मग इज्मालियाने सांगितलं. पूर्वीपासूनची खूण आहे म्हणाली, बिनतारी बंद पडली की अजूनही हीच चालते. एक जाळ म्हणजे पाद्री पाठवा. दोन म्हणजे डॉक्टर पाठवा. तीन म्हणजे कुणाला पाठवू नका, माणूस गेलं.

१० मार्च

सकाळी इथल्या पाद्रीबाबांनी कोर्वोच्या मृतासाठी मिस्साची प्रार्थना म्हटली. नाव नव्हतं. ‘आमच्या भावासाठी किंवा बहिणीसाठी’ म्हणाले. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं, आणि मी बघितलं की खाली बघत होतं.

तुमच्या बेटावर म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. कुणीही असेल. मी कालपासून देवाकडे कुणा म्हाताऱ्याचं मरण मागतेय. लावरियानोभाऊंचंसुद्धा मागितलं. तुमचंही मागितलं, विहीणबाई. तुम्ही माझ्या जागी असतात तर माझं मागितलं असतंत.

ती गेली असेल तर मला न्यायला होडी पाठवू नका. मी परत जाईन. नाही, पाठवा. मला तिला बघू द्या. काय लिहितेय ते मला कळत नाही. वारा पडलाय. सगळे म्हणतात, उद्या.

*

कोर्वो
११ मार्च १९४७, पहाटे

लिओनिल्दबाई,

दोघी जिवंत आहेत. आधी हे वाचा, दोनदा वाचा, मग खाली बसा आणि पुढचं वाचा.

समुद्र उतरलाय. बेल्मिरो होडी काढतोय, हे त्याच्या हातात देतेय. तुम्ही आगबोटीत होतात हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण आगबोट आमच्यासमोरून वळली तेव्हा मी लावरियानोला म्हटलं, ‘त्यात ती बाई आहे.’ तो म्हणाला, ‘तिला होडीची भीती वाटते.’ मी म्हटलं, ‘माझं पत्र वाचलंय तिने. ती आहे.’

रविवारी सकाळी मुलगी झाली. दिवसांआधीच आली. लहानशी आहे, सोललेल्या सशाएवढी, पण आगेदा काही बोलली नाही. नातेर्सियाला खूप त्रास झाला. मध्यंतरी एक वेळ अशी आली की आगेदाने मला दाराबाहेर काढलं, आणि मी पावसात उभी राहून तुमची वाट बघितली. माझ्या आईचीसुद्धा कधी इतकी बघितली नव्हती.

पोर बाहेर आली, नाळही कापली नव्हती, तोच नातेर्सिया म्हणाली, ‘पाणी आणा.’ चुलीवरचं कढत होतं. मी वाडगा दाराबाहेर वळचणीखाली धरला, क्षणात भरला. पावसाला एकदा तरी कामाला लावलं. मी घालते म्हटलं, तर म्हणाली, ‘नाही, मी.’ आगेदाने तिला मागून धरून बसवलं. तिने आपल्या हाताने पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं, सगळे शब्द नीट म्हटले, आणि नाव ठेवलं एर्मिनिया. समोर मी उभी होते म्हणून, दुसरं काही कारण नाही, असं मी गावात सांगतेय. तुम्हाला राग येईल. येऊ द्या, या एका गोष्टीत मी माघार घेणार नाही.

आता माझा मूर्खपणा सांगते. हे तुम्हाला कळवायचं कसं? आमचं बिनतारी यंत्र जानेवारीपासून मुकं आहे. राहिले जाळ. पण आपल्या जाळांची भाषा सगळी वाईटाची आहे. पाद्री हवा, डॉक्टर हवा, माणूस गेलं. कुणी धडधाकट जन्माला आलं, बाळंतीण सुखरूप आहे, याला आपल्या पूर्वजांनी जाळच ठेवला नाही. त्यांना कधी गरज पडली नसावी. मी म्हटलं, मग ओळच लावू. गोठ्यापासून वरच्या बांधापर्यंत, मोजता येणार नाहीत इतके. तीनपेक्षा जास्त दिसले की ती बाई समजेल की हे मरण नव्हे. लावरियानो डोकं धरून ओरडत होता, ‘अगं, खुणेत नसलेलं काही पेटवू नये!’ त्याने वर्षभर राखलेल्या सुक्या झुडपांच्या मोळ्या मी सगळ्या ओढून नेल्या. पेटले, विहीणबाई, काय सुंदर पेटले! सगळं गाव बाहेर आलं, पोरं नाचायला लागली.

आणि मग सर आली. एकेक विझत गेला. मी बघत उभी राहिले आणि उशिरा लक्षात आलं. तीन उरले होते. ओलं गोणपाट घेऊन मी ते बडवायला धावले, चिखलात पडले, गुडघा फुटला. पोचेपर्यंत दोन आपणहून गेले होते. तुम्ही ते तीन पाहिलेत का? दोन दिवस मी हेच विचारतेय, लावरियानोला, आगेदाला, गाईला. पाहिले असतील तर मला क्षमा करू नका. इथे या आणि तोंडावर शिव्या द्या, मी ऐकून घेईन.

खाली चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. अक्षर माझं नाही.

एर्मिनिया

*

आई,

पाणी मी घातलं. ती रडते फार, आणि रडली की मला बरं वाटतं, म्हणून मी तिला लगेच गप्प करत नाही. सासूबाई ओरडतात.

वर्षभर त्या माझ्या नावाने तुला जे लिहीत होत्या, त्यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. मी या घरात तुझं नावही घेत नव्हते. रविवारी मात्र खूप दुखत होतं तेव्हा तुलाच हाका मारल्या, असं आगेदाबाई म्हणते. मला आठवत नाही. ती खोटं बोलत नाही.

तू समुद्रावरून आलीस असं सासूबाई म्हणतात, मला खरं वाटत नाही. बेल्मिरोबरोबर होडीत बस. मधोमध बस, पाण्याकडे बघू नकोस, त्याच्या पाठीकडे बघ.

राग गेलेला नाही. ये.

नातेर्सिया